बाल्याचा नाच

पस्तीस वर्षांपूर्वी शाळेत मी एक निबंध लिहिला होता. विषय होता, ‘सुट्टीत मी पाहिलेला कार्यक्रम’. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी खरोखरच एक कार्यक्रम पाहिला होता. परळच्या दामोदर हॉलमध्ये, तिसऱ्या रांगेत, आईच्या मांडीवर न पेंगता, मध्यरात्र उलटेपर्यंत. पण निबंधात मी लिहिली सर्कस. सर्कस मी जन्मात पाहिली नव्हती. वाघ, हत्ती, झोपाळ्यावरून झोपाळ्यावर उडणाऱ्या मुली हे सारे वर्गातल्या एका मुलाकडून ऐकलेले होते. मास्तरांनी दहापैकी आठ गुण दिले आणि निबंध वर्गात वाचून दाखवला. जो कार्यक्रम मी पाहिला होता तो लिहिला असता, तर किती गुण मिळाले असते कोण जाणे! तो होता बाल्याचा नाच, आणि त्यात नाचणाऱ्या आठ गड्यांपैकी एक माझे वडील होते.

तो राहून गेलेला निबंध आज लिहावा म्हणतो.

खोटे लिहिण्याचे कारण एका शब्दात सांगता येण्याजोगे आहे. तो शब्द म्हणजे ‘बाल्या’. आमच्या वर्गात ती शिवी नव्हती, पण शिवीपासून फार दूरही नव्हती. ज्याची बोली कानाला गावठी लागे, जो डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट आणी, जो मे महिन्यात आणि गणपतीत परळच्या डेपोवरून एस. टी. धरून गावाला पळे, तो बाल्या. या शब्दाचा उगम मला पुष्कळ वर्षांनी कळला. रत्नागिरीकडून पोट भरण्यासाठी मुंबईत आलेले कुणबी गडी कानांत बाळ्या घालीत. सुखवस्तू घरांतून पाणी भरणे, भांडी घासणे, पोरे खेळवणे अशी कामे ते करीत. मालकमंडळींना एकेकाचे नाव लक्षात ठेवण्याची गरज भासली नाही; कानातला दागिना पाहिला आणि सगळ्यांना मिळून एकच नाव ठेवून दिले. हे बाल्ये गणपतीच्या दिवसांत रिंगण धरून नाचत, म्हणून त्यांचा नाच तो बाल्या नाच. गावाकडे त्याचे नाव जाखडी. नाचणारे एकमेकांत जखडल्यासारखे गोल धरतात म्हणून जाखडी, अशी त्या शब्दाची फोड करतात. म्हणजे नाच एकच, पण नावे दोन : एक नाचणाऱ्यांचे, दुसरे पाहणाऱ्यांचे.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही. मुलांना शिकवतो आणि जमतील तशा कादंबऱ्या लिहितो. पण आपला बाप ज्या रिंगणात नाचला ते रिंगण कुठून आले, एवढे शोधण्याचा अधिकार मॅट्रिकवाल्यालाही असावा.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी काढली. त्यांची कंपनी १८५४ सालची. गिरणी सुरू झाली १८५६ मध्ये, ताडदेवला. त्यानंतर परळ, लालबाग, भायखळा, शिवडी, नायगाव अशी धुराड्यांची रांगच उभी राहिली. या गिरण्यांना माणसे पुरवली ती प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्याने. १९११ च्या शिरगणतीत मुंबईच्या गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले आढळले. एवढी माणसे गाव सोडून का निघाली? डोंगरउताराची वरकस जमीन हे एक कारण. पण त्याहून मोठे कारण होते खोती. जमीन कसायची कुणब्याने आणि धान्याचा वाटा न्यायचा खोताने. चार महिने राबून घरात उरे ते होळीपर्यंतही पुरत नसे. तेव्हा घरातला एक भाऊ शेतावर ठेवायचा आणि बाकीच्यांनी बोटीने मुंबई गाठायची, असा रिवाजच पडला.

मुंबईत आलेला हा गडी एकटा राहत नसे. एकेका गावाच्या ‘गावकीच्या खोल्या’ असत. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस ट्रंका भिंतीला लावलेल्या. पहिल्या पाळीची माणसे उठून गेली की त्याच जागेवर तिसऱ्या पाळीची झोपायला येत. गावाच्या पंचायतीचे तंटे तिथेच सुटत, सोयरिकी तिथेच जमत, आणि आषाढ लागला की नाचाची तालीमही तिथेच उभी राही. आमच्या भोईवाड्यात अशा खोल्या बऱ्याच होत्या. भोईवाडा हे नावच मुळी खांद्यावर पालखी वाहणाऱ्यांचे. त्यांच्या पाठोपाठ आलेल्या आमच्या माणसांनी खांद्यावर काय काय वाहिले, त्याची नोंद मात्र कुठल्या रस्त्याच्या नावात नाही.

तालमीच्या आठवणी मला झोपेतल्या आहेत. पाऊस पत्र्यावर वाजतो आहे, जिन्याखालच्या मोकळ्या जागेत पिवळा दिवा जळतो आहे, आणि दुसऱ्या पाळीहून आलेली माणसे, अंगाला अजून कापसाचा वास, एका पायात चाळ बांधून गोल फिरत आहेत. चाळ एकाच पायात. दुसरा पाय मुका. मध्ये मृदंगवाला, झांजवाला, गाणारा शाहीर आणि त्याचे झीलकरी बसलेले. सुरुवात अगदी सावकाश, जणू भाताच्या चिखलात पाय टाकावेत तशी. मग लय चढत जाई. एक वाकणे, एक टाळी, एक गिरकी, पुन्हा वाकणे. शेवटी पाय दिसेनासे होत आणि नुसता आवाज उरे. वरच्या मजल्यावरून एखादी म्हातारी ओरडे, “बास करा रे आता, पोरा निजलीत!” पोरे कुठली निजलेली? आम्ही कठड्याच्या गजांतून डोकी घालून बसलेलो असू.

गौरी-गणपतीत ही मंडळी गावी जात आणि घरोघरच्या अंगणात नाचत. हा नाच पाहायला कोणी जात नसे, नाचच दारी येई. घरधनी पानसुपारी देई, ओवाळणी घाली, आणि रिंगण पुढच्या घराकडे सरके. गणपती विसर्जन झाले की माणसे पुन्हा साच्यावर हजर. वर्षाकाठी काही दिवस तो गडी बाल्या नसे, घाटी नसे, बदली कामगार नसे. आपल्या वाडीचा नाच्या असे. मला वाटते, या नाचाच्या दीर्घायुष्याचे मर्म यात आहे. तो पोट भरण्याच्या वेळापत्रकावर कधी बसलाच नाही, पंचांगावर बसला.

या नाचाला वादाची फोडणी आहे, तिच्याविषयीही सांगितले पाहिजे. त्याशिवाय पुढची हकीकत कळावयाची नाही. जाखडीत दोन पक्ष असतात : शक्तीवाले आणि तुरेवाले. शक्तीवाल्यांचे म्हणणे, आधी शक्ती, आधी माया, मग शिव. तुरेवाल्यांचे म्हणणे, आधी शिव, आधी पुरुष, मग सगळा पसारा. हा वाद कोकणात जन्मलेला नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळात आपल्याकडे शाहिरांचे कलगी-तुऱ्याचे फड गाजत होतेच. पार राजस्थानात, चितोडच्या बाजूलाही तुर्रा-कलंगीचे खेळ होतात. तिकडे अशी कथा सांगतात की तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर यांचा वाद ऐकून चंदेरीचा राजा प्रसन्न झाला, आणि त्याने आपल्या मुकुटावरचा तुरा एकाला व कलगी दुसऱ्याला दिली. कोकणात कलगीवाल्यांना शक्तीवाले म्हणू लागले. पेच मात्र तोच : गण झाला, गौळण झाली की सवाल-जबाब सुरू. एका बारीच्या शाहिराने पुराणातले कोडे घालायचे, दुसऱ्याने आपल्या बारीत ते सोडवायचे आणि वर टोमणा हाणायचा. भाताच्या काडीइतकीच जमीन नावावर असलेला माणूस रात्रभर प्रकृती-पुरुषाचा खल करतो, याचे मला पूर्वी हसू येई. आता येत नाही.

आमचे घराणे तुऱ्याचे. वडील जवळच्याच एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या वेळी मी दोन वर्षांचा होतो. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो नुसता विरत गेला, आणि त्याबरोबर माणसेही विरत गेली. कोणी गावी गेला तो परतला नाही, कोणी फुटपाथवर भाजी मांडली. वडिलांना गिरणीने परत घेतले नाही. त्यांनी हमाली केली, मग एका इमारतीच्या दारावर रात्रपाळीची राखण धरली. आई सांगते की त्यांनी त्यानंतर सात वर्षे पायात चाळ बांधली नाही. सणाला नवा सदरा घेता येत नाही तो माणूस नाचणार कसा, असे ते म्हणत. खोलीतली माणसे बोलवायला येत. ते भिंतीकडे तोंड करून निजून राहत.

१९९० साली गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी पैसे उभे करायचे ठरले. मुंबईकर मंडळींची पैसे उभारण्याची एक ठरलेली रीत होती : दामोदर हॉल घ्यायचा, शक्ती-तुऱ्याचा सामना लावायचा आणि तिकिटे चाळीचाळीतून खपवायची. देवाचे काम म्हटल्यावर वडिलांना नाही म्हणता येईना.

दामोदर हॉल हे काही साधेसुधे नाट्यगृह नव्हते. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि तिच्या आश्रयाने १९२२ साली परळला हे सभागृह उभे राहिले. गिरणगावच्या माणसाला वाचायला, शिकायला आणि नाटक करायला हक्काची जागा असावी हा हेतू. याच हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोलावलेली सभा भरली. त्यातूनच पुढे जुलै महिन्यात बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. बाबासाहेबांची कचेरीही या वास्तूत होती. आणि १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले तेही बाबासाहेबांनीच. जानेवारी १९३८ मध्ये कोकणच्या शेतकऱ्यांचा मोर्चा त्यासाठी कौन्सिल हॉलवर चालून गेला. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. ज्या खोतीने आमच्या आजोबांना गावाबाहेर काढले तिच्याविरुद्ध लढणाऱ्या माणसाची जी जागा, त्याच जागेत त्या कुळांची नातवंडे पुढे तिकीट काढून आपला नाच पाहायला बसली. इतिहास असे धागे विणतो, आणि ते आपल्याला पुष्कळ उशिरा दिसतात.

त्या रात्री मात्र मला यातले काही ठाऊक नव्हते. मला दिसत होती ती दाराशी लावलेली भली मोठी रंगीत पाटी. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिले होते : ‘कोकणचा सुप्रसिद्ध बाल्या डान्स’. मी चमकलोच. ज्या शब्दाने मला वर्गात कोपऱ्यात बसवले तो शब्द आमच्याच माणसांनी आपल्या हातांनी रंगवून दारावर लावला होता, आणि त्याच्याखाली उभी राहून माणसे एकमेकांना तपकीर देत होती.

आत सगळे भोईवाडा, नायगाव, काळाचौकी, डिलाईल रोड लोटलेले. लुगड्यातल्या आज्या, पाचवारी नेसलेल्या सुना, कडेवरची पोरे. पडदा वर गेला तेव्हा माझी थोडी निराशाच झाली. अंगणातले रिंगण इथे उरले नव्हते. नाट्यगृहात पाहणारे एकाच बाजूला. गाणारे मध्ये बसले तर दिसणार कसे? म्हणून शाहीर आणि वाजवणारे मागे चौथऱ्यावर बसलेले, आणि त्यांच्यापुढे आठ गडी. धोतर-फेट्याऐवजी चकचकीत गुलाबी सदरे. गौळणीला एका हिंदी सिनेमाची चाल लावलेली. पण मृदंगावर थाप पडली, गड्यांनी गोल धरला, आणि मला पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला. डावीकडून तिसरे वडील. त्यांचे तोंड मी तसे कधी पाहिले नव्हते. दाराची राखण करून आलेला, सकाळी काही न बोलता चहा पिणारा माणूस तो नव्हेच.

दुसरी बारी शक्तीवाल्यांची. त्यांचा शाहीर मोठा तिखट. कोडे घालून झाले, आणि टोमण्यात तो घसरला. त्याने आमच्या मंडळींना विचारले की गड्यांनो, तुमच्या गिरणीचा भोंगा तर बंद पडला, मग आता हे पाय कोणाच्या इशाऱ्यावर हलतात? हशा पिकायला हवा होता. पिकला नाही. सबंध हॉलमध्ये असे एक घर नव्हते की ज्याच्या चुलीवरून तो संप गेला नव्हता. शाहिराच्याही ते ध्यानात आले असावे. तोही गिरणीतलाच माणूस. पण बाण सुटला होता. आईने माझा हात घट्ट धरला. ती रंगमंचाकडे पाहत नव्हती, जमिनीकडे पाहत होती.

आमच्या शाहिराची पुन्हा पाळी आली. त्याने आधी कोड्याचे उत्तर दिले. आदिमायेचे, शिवाचे, जे काय होते ते. मग मृदंग थांबवला आणि न गाता, साध्या बोलण्यात म्हणाला, “भोंगा मालकाचा होता, त्यानं नेला. मृदंग आमचा आहे.” आणि थाप पडली. लोक उठून उभे राहिले. पलीकडच्या बारीचा तो तिखट शाहीर विंगेतून आला आणि आमच्या शाहिराच्या पाया पडला. माझ्या वडिलांच्या पायांकडे मी पाहत होतो. लय इतकी चढली की चाळेचा पाय कुठला आणि मुका कुठला ते कळेना.

दिवाळीची सुट्टी संपली. मास्तरांनी फळ्यावर विषय लिहिला. मी लेखणी उचलली, आणि मला वर्गातली पस्तीस तोंडे दिसली. ‘बाल्या’ हा शब्द कागदावर आला की काय होईल हे मला पक्के ठाऊक होते. दाराच्या पाटीवर तो शब्द लिहिण्याची छाती आमच्या माणसांत होती; माझ्यात नव्हती. मी सर्कस लिहिली.

रात्री मी तो निबंध घरी मोठ्याने वाचून दाखवला. आठ गुण मिळाले होते ना! वडील कामावर निघण्याच्या तयारीत होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. बूट घालता घालता एवढेच विचारले, “हत्ती किती होते रे?”

मी म्हणालो, “चार.”

“बरेच होते,” असे म्हणून ते जिना उतरून गेले.

पुढे मी वाचू लागलो तेव्हा परदेशातल्या सणाच्या नाचांची वर्णने वाचनात आली. रशियात सेंट पीटर्सबर्गला १८९२ च्या डिसेंबरात चायकोव्हस्कीच्या संगीतावरचा ‘नटक्रॅकर’ हा नृत्यनाट्याचा खेळ प्रथम झाला. त्या वेळी त्याचे फारसे कौतुक झाले नाही. पण १९५४ साली न्यूयॉर्कला बॅलन्शीनने तो नव्याने बसवला, आणि तेव्हापासून नाताळ आला की आयाबापे मुलांना हाताला धरून तो पाहायला नेतात. आपण लहानपणी पाहिला तोच नाच आपल्या मुलाला दाखवावा, ही हौस जगभर सारखीच. फरक एवढाच की तिकडे नाच कोणी बसवला, संगीत कोणाचे, पहिला प्रयोग कुठला, याची नोंद आहे. आमच्या नाचाचा पहिला प्रयोग कुठल्या अंगणात झाला ते कोणी लिहून ठेवले नाही. ज्यांना लिहिता येत होते त्यांना त्यात लिहिण्यासारखे काही दिसले नाही. आणि ज्याला दिसले, त्याने सर्कस लिहिली!

गिरण्या गेल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, गाव रात्रीच्या झोपेइतके जवळ आले. गावकीच्या खोल्या विकल्या गेल्या. माणसे डोंबिवली, विरार, दिव्याकडे पांगली. तरी नाच थांबला नाही. आता बायकांच्याही बाऱ्या उभ्या राहतात. तेव्हा कोणी मला सांगू लागला की ही गिरणगावची कला गिरणीबरोबर संपली, तर मला ते पटत नाही. ती गिरणीची कधी नव्हतीच. पण तिला शहरात उभे राहायला जागा लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी दामोदर हॉल बंद झाला. शंभर वर्षे पुरी केलेली वास्तू. तिथे पुन्हा नाट्यगृह झालेच पाहिजे, म्हणून कोकणच्या कलावंतांनी आवाज उठवला. अंगणातून उठलेल्या नाचाला हक्काचे असे एकच अंगण या शहरात मिळाले होते.

हॉल बंद होण्याच्या थोडे आधी मी वडिलांना तिथे एका सामन्याला घेऊन गेलो. पंचाहत्तरीला टेकलेले, गुडघे धरलेले. खुर्चीत बसून ते उजव्या पायाने जमिनीवर ताल धरत होते आणि मधून मधून पुटपुटत होते, “पोरं घाई करतात. गिरकीच्या आधी वाकायला हवं.” खेळ सुटल्यावर पायऱ्या उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दाराबाहेर आल्यावर क्षणभर थांबले आणि मागे वळून म्हणाले, “चांगला झाला. पण हत्ती नव्हते यात.”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते. तेव्हा आता लिहून ठेवतो : १९९० सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाल्याचा नाच पाहिला. आठ गडी होते. डावीकडून तिसरे माझे वडील.